अंगठा उमटेना

यंत्रमाग कारखाना बंद पडला त्या महिन्यात आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरू जोडप्याचे दोन अर्ज मी भरून दिले. दोघं बऱ्याच वर्षांपूर्वी कर्नाटकातून आलेली. त्याच कारखान्यात मागावर असलेल्या नवऱ्याच्या अर्जात ‘बेरोजगार’ लिहिलं. बायकोचा अर्ज महिलांच्या सरकारी मदतीचा. काम काय, विचारल्यावर टॉवेलच्या झालरीला गाठी मारता मारता ती म्हणाली, "काय न्हाय अण्णा, घरातच असते." टॉवेलांचा गठ्ठा ठेकेदाराकडून नवऱ्याच्या नावावर येई. मी ‘काम नाही’ लिहिलं. ते चूक आहे हे मला माहीत होतं.

पडताळणीसाठी तिच्यासोबत सात रस्ता चौकाजवळच्या केंद्रावर गेलो. अंगठा उमटेना. मग दहाही बोटं लावून झाली.

"मावशी, रेषाच नाहीत. काय काम करता?" यंत्रावरच्या मुलीने विचारलं.

सुताने तिची बोटं गुळगुळीत केली होती. तसं सांगितलं तर अर्ज खोटा ठरेल, नाव कापलं जाईल, ही तिची भीती. अर्जावर अक्षर माझं होतं.

"भांडी घासते."

"लई भांडी दिसतात की," रांगेतली एक म्हणाली.

"नवऱ्याला पाठव," दुसरी म्हणाली, "त्याचा अंगठा रिकामाच हाय."

ती हसली नाही. "चार दिवस हाताला आराम द्या, खोबरेल लावा," मुलगी म्हणाली. "गुरुवारी या. तो शेवटचा दिवस."

गाठी थांबल्या तर गठ्ठा दुसऱ्या घरी जातो. म्हणून नवरा गाठी मारायला बसला, दार लावून. मागावरचा माणूस बायकांचं काम करतो हे गल्लीला दिसायला नको होतं. ती तेलकट हात मांडीवर ठेवून पायरीवर बसे. मोटारसायकल वाजली की ठेकेदाराचा माणूस आला असं वाटून उठे.

गुरुवारी तिसऱ्या खेपेला अंगठा उमटला. परतलो तेव्हा ठेकेदाराचा माणूस दारात उभा होता. त्याने झालर ओढली, गाठी सुटल्या.

"कुणी मारल्या?"

"मीच."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि गठ्ठा गाडीवर टाकला.

तो गेल्यावर तिने हळूच विचारलं, "अण्णा, ते सरकारी लोक घरी बघायला येतात काय?"

"नाही," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.

तिने खाटेखालचे सुताचे तुकडे झाडून पिशवीत भरले. नवऱ्याने दार लावून घेतलं. कुणी बघायला येतंय का, हे पाहत मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.