नाचणी सत्त्वाचा दुसरा डबा

लेक जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोह्याच्या हॉस्पिटलात सिस्टरने माझ्या हातात निपल शील्ड ठेवलं. पातळ, पारदर्शक सिलिकॉनचं, छोट्या टोपीसारखं. ते स्तनावर बसवलं की बाळाला तोंडात धरायला काहीतरी मिळतं. माझी स्तनाग्रं सपाट, तिचं तोंड इवलंसं; आमचं दोघींचं जमेना. "दो-तीन हफ्ते, मॅडम, फिर निकाल देंगे," केरळची ती सिस्टर म्हणाली. दोन महिने उलटले तरी ते निघालं नव्हतं.

ज्यांनी वापरलं नाही त्यांना वाटेल, एवढासा तुकडा, त्यात काय! दर वेळी उकळा, नेमकं बसवा, दूध गळतंय ते पुसा. लेकीने हात मारला की ते उडून सोफ्याखाली जायचं, ती भुकेने किंचाळत असायची आणि मी ओणवी होऊन शोधत असायची. माझ्या आणि माझ्या पोरीच्या मध्ये ते कायम असायचं. आई परत जायच्या आत मला ते सुटायला हवं होतं. बाकी सगळं बाळंतपण दुसऱ्यांनी निभावलं होतं. एवढी एक गोष्ट माझी मला करायची होती.

आई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आली होती. दोह्याच्या मुऐदर भागात आम्ही एका व्हिलाचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे. तिथे शेगडी पेटवली असती तर स्मोक अलार्मने गल्ली गोळा केली असती, म्हणून शेक इलेक्ट्रिक पॅडवर भागवला. नियम मात्र नाशिकचेच. मालिश, अंघोळ, शेक, मग दार लोटून तासभर पांघरुणात पडून राहायचं. "उठायचं नाही हं मुळीच. बाळ माझ्याकडे आहे," आई बजावायची. मी एरवी कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही. आईचं ऐकलं.

शील्ड सोडवायची रीत सिस्टरने शिकवली होती. सुरुवात शील्ड लावून करायची, दूध उतरलं की ते पटकन काढायचं आणि बाळाला लगेच पुन्हा अंगावर धरायचं. लेक असं काही भोकाड पसरायची की खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई एकदा वर येऊन चौकशी करून गेली. त्या आठवड्यात वजन काही वाढलं नाही. सिस्टर म्हणाली, "थोडा सब्र, इन्शाल्ला हो जाएगा." क्लिनिकमधून येताना गाडीत आई गप्प होती. नवराही गप्प होता. दोघं दमलीत, असं मला वाटलं. किती भोळी मी!

आणि मग तीन-चार दिवसांनी, शेक घेऊन उठल्यावर मी तिला सहज जवळ घेतलं तर तिने शील्डशिवाय धरलं. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही. डोळे अर्धे मिटलेले, आणि चुकचुक आवाज करत चक्क पीत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने वजनही चांगलं भरलं. मी क्लिनिकमध्ये सगळ्यांसमोर रडले. घरी आल्यावर आईने मीठ-मोहऱ्यांनी आमची दोघींची दृष्ट काढली, केळं घालून शिरा केला. नवऱ्याने माझ्या सासरी फोन लावून सांगितलं, "हिने जमवलं बरं का!"

आईच्या जाण्याला आठ दिवस उरले होते. ती जावयाबरोबर सूक वाकिफच्या बाजारात केशर आणि खजूर घ्यायला गेली होती. लेक झोपली होती आणि मला कडकडून भूक लागली. नाचणीचं सत्त्व करावं म्हणून डबा काढला, तर तो रिकामा. आईने आणलेला दुसरा डबा फडताळात मागे होता. "तो राहू दे, शेवटी काढू," असं ती म्हणायची. मी तो उघडला, दोन चमचे दुधात कालवले आणि गॅसवर ढवळत बसले.

सत्त्व आळेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पळीला चिकटण्याचं नाव नाही. आणखी दोन चमचे घालावेत म्हणून डब्यात हात घातला, तर पिठात पुरलेला निळा प्लास्टिकचा चमचा हाताला लागला. बाळाच्या फॉर्म्युला दुधाच्या डब्यात मिळतो तसा. मी पावडर चाटून पाहिली. गोड लागली. मग गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

दोघं पिशव्या घेऊन आत आली. नवऱ्याने ओट्यावरचा उघडा डबा पाहिला आणि आधी आईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, आईकडे. त्या नजरेतच मला सगळं कळलं.

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

"तू शेकाला पडलीस की एकदा," आई म्हणाली. "कधी संध्याकाळी. अगं, लेकरू उपाशी रडत होतं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"पावडर मीच आणली," नवरा म्हणाला. "वजन वाढत नव्हतं. तू इतकी टेन्शनमध्ये होतीस..."

मला पावडरीचा राग नव्हता. ती काही विष नव्हे. समोर बसून सांगितलं असतं, तर रडले असते, भांडले असते, आणि दिली असती. पण ज्या तासाला मी आईच्या शब्दाखातर पांघरुणात पडून राहत होते, तोच तास तिने वापरला. आणि खरं काय ते ठाऊक असून माझी दृष्ट काढली, मला शिरा भरवला. कुंपणानेच शेत खाल्लं. "केसाने गळा कापलास माझा, आई," मी म्हणाले. ती आणलेले खजूर बरणीत भरत राहिली.

उरलेले आठ दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो. एअरपोर्टवर मी तिला वाकून नमस्कार केला, पण मिठी मारली नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच लेकीला घेऊन क्लिनिकला गेले आणि सिस्टरला सगळं सांगितलं. माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं होतं मला. सिस्टर हसली. "मॅडम, भूखा बच्चा नया कुछ नहीं सीखता. पेट में थोड़ा दूध था, इसीलिए आराम से पकड़ा. मम्मी ने अनजाने में ठीक ही किया." मग बाटली हळूहळू कशी कमी करायची ते तिने सांगितलं. महिन्याभरात तीही सुटली. शील्ड तर केव्हाच फेकलं होतं.

आई अजून व्हिडिओ कॉलवर मधूनच विचारते, "माझं फार चुकलं का गं तेव्हा?" सिस्टरचं ते वाक्य सांगितलं तर तिच्या मनावरचं ओझं उतरेल, हे मला माहीत आहे. मी म्हणते, "जाऊ दे आई, झालं ते झालं." तिचा चेहरा उतरतो आणि मी कॅमेरा लेकीकडे वळवते.