भरलेला तांब्या

चऱ्होलीत आमच्या घराखालीच नदी आहे. तिथं दर मंगळवारी कॉलेजातली एक पोरगी मासे धरून तपासायला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. मासा फाडताना ती खालचा ओठ दातात धरायची आणि हात बाटलीतल्या पाण्यानं धुवायची. शहरातल्या पोरींचे नखरे, असं मला वाटायचं. मी विहिरीच्या पाण्यानं तांब्या भरून दिला की मात्र एका दमात संपवायची.

त्या दिवशी तिच्या हाती तांब्या दिला आणि फाडलेला मासा बघून म्हणाले, "गाभोळी हाय की! माझ्या सुनंला दे, सातवा लागलाय तिला."

"आजी, हा नर आहे."

"नराला कुठं अंडी असत्यात व्हय?"

"अंडी घडवायची कळ नराच्या अंगातही असते, पण बंद. सांडपाण्यातून नदीत बाईच्या अंगातल्या रसासारखं काहीतरी उतरतंय, ते ती कळ चालू करतं."

"आन् माणसात? आमची हीर नदीला लागूनच हाय."

"माहीत नाही, आजी."

तिनं भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. पुन्हा ती आली नाही.

सून बाहेर आली, तोच तांब्या उचलून प्यायली. मी अडवलं नाही. दुसरं पाणी घरात नव्हतं.