काळ्या कुत्र्याचा फोटो, पाण्याच्या दिवशी

आमच्या हॉलच्या भिंतीवर फोटो लागायचा तर आधी माणसाला जावं लागतं. हा आईचा कायदा. त्यामुळे आमच्या काळ्या कुत्र्याचा मोठा फोटो करून भिंतीला लावायचा बेत मी सांगितला, तेव्हा ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "भिंतीवर गेलेल्यांना लावतात. हा हितं बसलाय की माझ्या पायाशी."

तो खरंच बसला होता. म्हातारा झालाय, काळं तोंड पार पांढरं पडलंय.

माझं म्हणणं, तो आहे तोवरच त्याला भिंतीवर बघू, नंतर काय, बघून रडायचंच. आईला पटेना. मग मी ठरवलं, फोटोच असा करायचा की तिला नाही म्हणता येणार नाही. पन्नाशीत माणसाचे स्वतःबद्दल असे गैरसमज होतात.

कॉलेजात असताना मी डार्करूममध्ये रमायचो. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, फोटो मोठा करायचा एन्लार्जर माळ्यावरून खाली काढला. जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून कुत्र्याचा फोटो काढला. बाथरूमच्या झरोक्याला चादर ठोकली, लाल बल्ब लावला; दुसरा कुठलाही उजेड लागला की फोटोचा कागद काळा पडतो. साधा प्रिंट काय कुणीही करील. मला प्रयोग करायचा होता. कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, बुडवायचा नाही, वरून ब्रशने डेव्हलपर लावायचा. ब्रश फिरेल तेवढंच चित्र उमटतं, बाकी कागद कोरा. घरात ब्रश होता तो दारं रंगवायचा. पहिल्या कागदांवर जे उमटलं ते म्हशीच्या जास्त जवळचं होतं. शेवटी एकच कागद उरला.

त्यावर मात्र जमलं. आधी एक डोळा आला, मग कान, मग ते पांढरं तोंड. मी श्वास रोखून ब्रश फिरवतोय, आणि नळाला पाणी आलं.

आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घरात दुसरं काहीही चालू राहत नाही. पिंप बाथरूममध्ये. बायकोने बाहेरून हाक मारली. मी म्हणालो, पाच मिनिटं. पाच मिनिटांत किती घागरी भरतात ते तिने ऐकवलं. आमच्या बाथरूमच्या ट्यूबचं बटण बाहेर आहे. एका हातात पाइप धरून तिने दुसऱ्या हाताने, सवयीने, ते दाबलं.

ट्यूबच्या लख्ख उजेडात कुत्र्याचं पांढरं तोंड माझ्या डोळ्यांदेखत काळं होत गेलं. मी कागद हायपोत, चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात, ढकलला, पण व्हायचं ते झालं होतं. बायकोने दार ढकलून पाइप पिंपात सोडला आणि मला पाय बाजूला घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी तो वाळलेला प्रिंट आईला दाखवला, सुनेने काय केलं ते कळावं म्हणून. तिने तो जवळ धरला, लांब धरला. काळंभोर तोंड, एकही पांढरा केस नाही.

"हा आणला तेव्हाचा हाय," ती म्हणाली.

मी उजेड, रसायनं वगैरे समजावू लागलो. तिचं लक्ष नव्हतं. ती पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे बघत होती, मग पुन्हा फोटोकडे.

"हा आता कुटं हाय? हा गेलाच की. लाव भिंतीवर."

मी हातोडी आणायला निघालो, तशी मागून म्हणाली, "पण ह्यांच्या शेजारी नको. ह्यांना घरात कुत्रं चालायचं नाही."

वडिलांपासून जरा लांब, फ्रीजच्या वर मी खिळा ठोकला.