बाळे की अक्कलकोट रोड

बाळ्यातल्या फ्लॅटच्या किचनमध्ये सुनंदा नळ सोडून बघत होत्या. त्यांचे मिस्टर महादेव मला गॅलरीत घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्या घरात कायतरी खोट काडा की."

मी सोलापुरात घरांच्या खरेदी-विक्रीची एजंट आहे. घरातली खोट झाकून न्या म्हणणारे मालक नेहमी भेटतात. खोट काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच भेटलं.

"घर तर चांगलं आहे. बजेटमध्ये बसतंय. तुमची कंपनीही जवळ पडते," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. माझी जवळ पडती, तिची शाळा लांब."

महादेव मूळचे करकंबचे. चिंचोळी एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत, शिफ्ट ड्युटी. ही एमआयडीसी पुणे रोडला, बाळ्याच्या पुढं. सुनंदा मैंदर्गीच्या शाळेत शिकवतात. म्हणजे शहराच्या बरोबर उलट्या बाजूला, अक्कलकोटच्याही पलीकडं. दोघं तेव्हा बाळ्यातच भाड्यानं राहत होते. सुनंदा आधी सिटी बसनं स्टँडला, तिथून एसटीनं अक्कलकोटला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं मैंदर्गीला जायच्या.

"सकाळी काय खात न्हाय, तशीच पळती," महादेव म्हणाले. "घरी आली की बसल्या जागी डोळा लागतो तिचा. अक्कलकोट रोडला घर झालं तर निम्मी दगदग वाचंल. मी म्हटलं तर ऐकत न्हाय. तुमी म्हणा."

दुपारी दोघांना अक्कलकोट रोडचं रो हाउस दाखवायला नेलं. रो हाउस म्हणजे शेजारच्या घराला भिंतीनं चिकटलेलं, पण स्वतःचं दार, स्वतःचा जिना आणि स्वतःची पाण्याची टाकी असलेलं घर. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे इथलं गिऱ्हाईक हॉल नंतर बघतं, टाकी आधी. ही टाकी ऐसपैस होती. महादेव खूश होऊन गच्चीवर गेले आणि सुनंदा माझ्याजवळ आल्या.

"ताई, इथे पाण्याचा लई त्रास आहे असं ह्यांना सांगाल का?"

"अहो, टाकीचं झाकण उघडून तुम्हीच बघितलं ना आत्ता."

"तरी सांगा की." त्यांनी जिन्याकडं एकदा बघून घेतलं. "नाइट शिफ्ट करून मोटारसायकलवर येतात. परवा येताना डुलकी लागली आणि गाडी रस्ता सोडून झुडपात गेली. नशीब, हँडल वाकण्यावरच निभावलं. मला म्हणाले कुत्रं आडवं आलं. खरं काय ते त्यांच्या मित्रानं सांगितलं. आता इतक्या लांबनं ये-जा करायची म्हटल्यावर मला इकडं झोप लागंल का? माझं काय, मी बदलेन दोन गाड्या."

वर गच्चीवरून महादेव हाक मारत होते, "सुनंदा, वारं बघ किती छान येतंय."

मी चांगलीच अडकले. दोघांच्या मधे पडणाऱ्या भागातली घरं त्यांच्या बजेटबाहेर होती. त्यात संध्याकाळी रो हाउसच्या मालकांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या पार्टीचं काय ठरलं? दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"रविवारपर्यंत थांबा."

"रविवारपर्यंतच बरं का."

मी विचार केला, अक्कलकोट रोडच्या बाजूची माणसं एमआयडीसीत जात नाहीत की काय? पूर्वी त्याच बाजूला, अशोक चौकाजवळ एकाला घर घेऊन दिलं होतं. त्याला फोन करून महादेवांच्या कंपनीचं विचारलं. तो म्हणाला, "त्या कंपनीची बस येते की चौकात. रोज बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाइट सुटायच्या हिशेबानं स्कूटी काढून अशोक चौकात जाऊन उभी राहिले. बस आली. माणसं डोळे चोळत उतरली. मी ड्रायव्हरला विचारलं, "ही फक्त ऑफिस स्टाफसाठी आहे का?"

"नाही हो, ऑपरेटर पण असतात. नाव दिलं की झालं." त्यांनी मागं बोट दाखवलं. "नाइटवाले चढले की झोपतात. स्टॉप आला की एकेकाला हाक मारून उठवतो. माझं निम्मं काम तेच आहे."

त्याच संध्याकाळी दोघांना ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि कुणी मला काय सांगितलं ते दोघांसमोर बोलून टाकलं. गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नये असा आमच्या धंद्यातला नियम आहे. पण इथं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे त्याचीच बायको होती.

"कुत्रं आडवं आलं न्हवतं, हे तुला कुणी सांगितलं?" महादेवांनी विचारलं.

"ते राहू दे. मी सकाळी खात नाही हे ताईंना सांगायची काय गरज होती?"

मग सुनंदांनाच हसू फुटलं. महादेव मान खाली घालून चहा ढवळत होते, तेही हसायला लागले. मी बसचं सांगितलं.

"ती बस? मी समजत हुतो ती हापिसवाल्यांची हाय," महादेव म्हणाले. त्यांनी तिथूनच कंपनीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, नाव द्या आणि पुढच्या आठवड्यापासून बसा.

शनिवारी रो हाउसचं टोकन दिलं. टोकन म्हणजे घर अडवून ठेवण्यासाठी मालकाला आधी दिलेली थोडी रक्कम. वकिलांनी जुने कागद तपासले, घरावर कुणाचा बोजा निघाला नाही, आणि यथावकाश खरेदीखत झालं.

आता सुनंदा घरी चार घास खाऊन निघतात आणि कोपऱ्यावर अक्कलकोटची एसटी पकडतात. महादेव बसमध्ये झोपतात. एकदा तर ड्रायव्हरच्या हाकेनंही उठले नाहीत. बस लावायच्या जागेपर्यंत गेले, आणि ड्रायव्हरनंच त्यांना आपल्या गाडीवरून घरी आणून सोडलं. हे सांगताना फोनवर सुनंदांना हसू आवरत नव्हतं.

तेव्हापासून मी कुठला एरिया हवा हे शेवटी विचारते. आधी दोघांना वेगवेगळं बसवून विचारते, घरी दमून कोण येतं? दोघंही दुसऱ्याचं नाव सांगायला लागले, की समजते, हा व्यवहार होणार.