रडत नाही म्हणून गुणाची

मी पनवेलला कमळाकर डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. काम बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवायचं, पण रुबाब असा की दवाखाना जणू आमच्या तीर्थरूपांचा. छप्पन साली तिथे उलव्याकडच्या मिठागरात राबणारी भीमाबाई आपली पोर घेऊन आली. पोर साडेतीन वर्षांची, नाव शांती, उंची मात्र वर्षाच्या बाळाएवढी. चेहरा सुजलेला, जीभ ओठांबाहेर, कातडी खरखरीत. बाकावर ठेवली तशी बसून राहिली.

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, डोळे पाहिले, मग भीमाबाईला समोर बसवून सांगितलं, "गळ्यात एक ग्रंथी असते. तिच्या रसावर पोर वाढतं, अंगानं आणि डोक्यानंही. हिची ती ग्रंथी काम करत नाही. तो रस गोळीतून देता येतो. पण वाया गेलेला प्रत्येक महिना डोक्याला महाग पडतो. आता एक दिवसही चुकवू नकोस."

भीमाबाईनं मान हलवली, पण तिचं निदान ठरलेलं होतं. "डागदर, मी तिला वलांडली," ती खाली बघत म्हणाली.

शांती तान्ही असताना तिला बांधावर निजवून भीमाबाई मिठाच्या पाट्या वाहायची. एकदा घाईत ती पोरीवरून पाय टाकून पुढे गेली आणि उलटी परत यायची राहिली. निजलेल्या पोराला ओलांडलं की वाढ खुंटते आणि लगेच उलटं ओलांडलं की दोष जातो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सासू ठमाबाईनं तिला तीन वर्षं हेच ऐकवलं होतं. मी गालात हसलो. भीमाबाईनं ते पाहिलं.

दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्या संपायचा दिवस गेला, वर पंधरा दिवस गेले, भीमाबाईचा पत्ता नाही. डॉक्टर रोज सकाळी विचारायचे, "शांती आली?" मी नाही म्हणायचो, आणि त्यांचा चेहरा पडायचा.

मग एका दुपारी ती आली, चक्क हसत. उरलेल्या गोळ्यांची पुडी तिनं माझ्यासमोर ठेवली. "नको आता. पोर परत गुनाची झाली."

झालं होतं असं. गोळ्या सुरू झाल्यावर शांती रडायला लागली, हातातलं फेकायला लागली, डोक्यावरचे जुने केस गळले. ठमाबाई म्हणाली, गोळीनं पोर बिघडली. म्हणून महिना झाला, भीमाबाईनं गोळी बंद केली होती आणि सकाळ-संध्याकाळ ती पोरीला उलटं ओलांडत होती. आता शांती पुन्हा गप्प होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिभेला हाड तेव्हाही नव्हतं. "गुणाची कसली, पोर विझत चाललीय. आई आहेस की कोण?"

तिनं शांतीला उचललं आणि दाराकडे वळली. ती एकदा गेली की पुन्हा येणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आवाज ऐकून डॉक्टर आतून आले. ते ओरडले नाहीत.

"भीमाबाई, ओलांडतेस ते गोळी न देता?"

"व्हय."

"मग लागू कसं पडणार? आधी गोळी, मग ओलांडणं. गोळी चुकली तर ओलांडणं फुकट. आणि पोर रडली की समजायचं, दोष निघतोय. ठमाबाईलाही असंच सांग."

ती उंबऱ्याशी उभी राहिली. शांतीची मान तिच्या खांद्यावर कलंडलेली. शेवटी तिनं पुडीसाठी हात पुढे केला.

ती गेल्यावर मी डॉक्टरांशी भांडलो. शिकलेल्या माणसानं असं बोलावं? ते म्हणाले, "तुला वाद जिंकायचाय, मला पोरगी वाढवायचीय."

त्यानंतर भीमाबाईनं एक दिवस चुकवला नाही. शांती वर्षात जवळजवळ वीतभर वाढली, चालली, बोलली, भांडायलाही शिकली. पण आठव्या वर्षी शाळेत घातली तेव्हा अक्षरं तिच्या डोक्यात राहीनात. मास्तर म्हणाले, ही मागेच राहणार. त्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी होते. भीमाबाईनं मलाच विचारलं, "दादा, लवकर आनली असती तर?"

पाच वर्षं मी एक गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवली होती. शांती आठ महिन्यांची असताना भीमाबाई तिला घेऊन आली होती. दवाखान्यात गर्दी होती. काय होतंय, मी दारातच विचारलं. पोर रडत नाही, बेंबी फुगलीय, पोट साफ होत नाही, असं ती म्हणाली. मी हसून म्हणालो, "रडत नाही ही काय तक्रार झाली? नशीबवान आहेस." आणि पोटाच्या औषधाची बाटली देऊन तिला परत पाठवलं. छप्पन साली ती आली तेव्हा तिनं मला ओळखलं नव्हतं. मी तिला पाहताक्षणी ओळखलं होतं.

"भीमाबाई," मी म्हणालो, "तुझ्या हातून काही झालं नाही. तू वेळेत आणली होतीस. दारातून परत पाठवली ती मी."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग मायेनं हसली.

"तवा तर नुस्ती पोटासाटी आनली व्हती. माजं मन राखाया काय बी सांगता, दादा," ती म्हणाली. गोळ्यांची पुडी पदराला बांधली, शांतीचा हात धरला आणि पायऱ्या उतरून गेली.

मी तिला पुन्हा सांगितलं नाही.