मुक्या चित्रासाठी मुकं मशीन

आमच्या बंधुराजांचे कान फार तिखट. पंख्यांच्या कारखान्यात आवाज तपासण्याच्या खोलीत ते नोकरीला आहेत. लाकडी दांडीचं एक टोक फिरत्या पंख्याला लावायचं, दुसरं कानाला, आणि जरा कुरकुर ऐकू आली की पंखा नापास. एवढ्या भांडवलावर हा गडी स्वतःला सर्वज्ञ समजतो, आणि आमचे बाबा त्याला तसं समजू देतात.

बाबांनी आयुष्यभर थिएटरात प्रोजेक्टर चालवला. पडद्याकडे पाठ करून पुढचं रीळ गुंडाळताना नुसत्या घरघरीवरून त्यांना कळायचं, चित्र नीट चाललंय. आता त्यांची दृष्टी जात चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या. बाबांना एकच पाहायचं होतं, नदीवरच्या सहलीची जुनी कॅसेट. त्यात आई आहे, चपला हातात घेऊन पाण्यात उतरलेली, हसणारी. आई गेल्यावर चालतीफिरती ती तेवढीच उरली. मी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली, पण घरातला म्हातारा टीव्ही तो वाचेना. म्हणून टीव्हीला जोडायला एक छोटा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, आणि निवडायचं काम बंधुराजांकडे गेलं. इथेच माशी शिंकली.

स्वस्त असेल तो घरघरायचा. शांत असेल तो बजेटबाहेर. दोन्ही जमलं तर डबा एवढा अवजड, की टीव्हीखालच्या फळीवर मावेना. हा दुकानादुकानांत दांडी घेऊन जायचा, चालू मशीनला लावून डोळे मिटून उभा राहायचा आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. एका दुकानदाराने विचारलंच, "साहेब, कॉम्प्युटर घ्यायचाय की त्याला औषध द्यायचंय?" त्या दुकानालाही हा नापास करून आला.

शेवटी मीच माझा लॅपटॉप नेऊन टीव्हीला जोडला. आई पाण्याकडे निघाली, तोच याने वायर उपटली.

"ताई, याचा पंखा ऐक! असल्या घरघरीत आईला बघायचं?"

"अरे शहाण्या, त्या कॅसेटला आवाजच नाहीये. कॅमेऱ्याचा माईक बिघडला होता."

"म्हणूनच तर! शांततेत घरघर जास्त टोचते."

असल्या अकलेपुढे मी हात टेकले. तरी वायर परत लावायला गेले, तर बाबाच म्हणाले, "राहू दे गं. त्याला यातलं कळतं. घेऊ दे नीट बघून." मुलाच्या कौतुकापुढे बाबांचं डोकं कधीच चाललं नाही.

मग बिनपंख्याचं एक मशीन त्याच्या कानांना पसंत पडलं. पण ते महाग होतं. "भाव उतरू दे, घाई कशाला?" हा म्हणाला, आणि रोज भाव बघत बसला. त्याच घरात बाबा भिंत चाचपत चालायला लागले होते, चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवत होते. ते काही याच्या दांडीतून ऐकू आलं नाही.

भाव उतरला. मशीन आलं. तळहाताएवढं, काळं, देखणं. बंधुराजांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, माझ्यासमोर दांडी लावून पाहिली आणि विजयी मुद्रेने बाबांना खुर्चीत आणून बसवलं. पडद्यावर आईने चपला काढल्या, पाण्यात पाय घातला आणि वळून हसली. बाबा ताठ बसले होते, मान जराशी खिडकीच्या उजेडाकडे वळवून.

"लाव की रे आता," ते म्हणाले.

"लावलंय, बाबा."

"मग मशीनचा आवाज कसा येत नाही?"

"तीच तर याची खरी गंमत..." बंधुराज उत्साहाने सांगायला लागले, तोच त्यांची नजर बाबांच्या खिडकीकडे वळलेल्या मानेवर गेली. हातातली दांडी त्यांनी हळूच खाली ठेवली.

आई पाण्यातून बाहेर आली, तिने चपला घातल्या, आणि पडदा काळा झाला.

"बरं, होऊ दे सावकाश," बाबा खुर्चीत सावरून बसत म्हणाले. "सुरू झालं की सांग हं."