खांबाला कान लावणारे ताम्हनकरसाहेब

ताम्हनकरसाहेबांची आमची पहिली ओळख बेडोकला, आमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी झाली. डावा पाय किंचित ओढत ते आले, हातात दीड हात लांब लोखंडी सळई. मी बिचकून बाजूला झाले.

"घाबरू नका वहिनी, हा माझा स्टेथोस्कोप."

जहाजावर चीफ इंजिनियर असताना ते सळईचं एक टोक चालू मशीनला आणि दुसरं कानाला लावून आतला बिघाड ओळखत. निवृत्तीनंतर तीच सळई ते उबिन बेटावरच्या जुन्या लाकडी घरांच्या खांबांना लावू लागले. वाळवी कुरतडते ते ऐकू येतं म्हणे. त्यांच्या साठीनिमित्त थोर मंडळी लिहितीलच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगते.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये उबिनच्या एक वृद्ध मलय बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. सगळे त्यांना मक्चिक म्हणत, म्हणजे मावशी. बेटावरच्या त्यांच्या घराचा मधला खांब खालून कुजला होता, घर कललं होतं. इथे त्या दगडी खलात मिरच्या कुटत. खालच्यांनी तक्रार केली, खल पलंगाखाली गेला. तेव्हापासून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. दुपारी नुसत्या बसत आणि मूठ मांडीवर आपटत राहत. दोनदा जोरात, एकदा हळू. "घरी ने लाह," एवढंच म्हणत. हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्यातलं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.

मुलगा साहेबांना म्हणाला, "अंकल, तो खांब तोडा, सिमेंटचा घाला. एका दिवसाचं काम लाह."

मक्चिकनी मान हलवली. घर बांधताना पहिला उभा करतात तो हा खांब. घराचा जीव त्यात असतो, असं त्यांच्यात मानतात. तो गेला तर मी परत जाणार नाही, म्हणाल्या. साहेबांनी शब्द दिला, "कुजलंय तेवढंच काढीन."

दर रविवारी आमच्या मराठी मंडळाची चार-पाच कुटुंबं चांगीच्या धक्क्यावरून बोटीनं उबिनला जात असू. साहेब जुना खिळासुद्धा टाकू देत नसत. आम्ही बायका तो दगडावर ठोकून सरळ करायचो. एकदा भर दुपारी बाकीचे विहीर उपसायला गेले होते. साहेबांनी सळई त्या खांबाला लावली आणि बराच वेळ हललेच नाहीत. मग ती माझ्या हाती दिली.

नामस्मरण करतच मी कान लावला. आत कुणीतरी कुटत होतं. दोनदा जोरात, एकदा हळू.

"वाळवी?" मी विचारलं.

"वाळवी ताल धरत नाही, वहिनी." मग ते खांबाला म्हणाले, "आणतो हं मावशींना. जरा धीर धरा."

तीन महिने लागले. खाचेत खाच बसवून खाली नवं लाकूड जोडलं; घर उभारताना त्याच्या जिवासाठी खांबाच्या डोक्याला बांधलेलं जुनं कापड त्यांनी कुणाला हलवू दिलं नाही. पागोळ्यांचं पाणी पिंपात घेतलं. ते बघून बेटावरच्या दोन बंद घरांची माणसं आली, "आमच्याही खांबाचं ऐका." आज त्या दोन्ही घरांत चुली पेटतात.

मक्चिक परतल्या, उंबऱ्याशी टेकल्या. साहेबांनी सळई लावली. "आता नुसतं लाकूड आहे," ते म्हणाले. मग मक्चिकनी खल मांडला आणि कुटायला लागल्या. साहेब पाठमोरे होऊन डोळे पुसत राहिले. सळई त्यांनी तिथेच ठेवली.

गेल्या महिन्यात साहेबांचा पाय मोडला. ते वुडलँड्सला लेकीकडे आहेत आणि डॉक्टरांनी बोटीचा प्रवास बंद केला आहे. मागच्या रविवारी दुपारी मक्चिकनी मला खुणेनं बोलावून सळई हातात दिली. खल रिकामा होता, त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी कान लावला.

आत कुणीतरी चालत होतं. एक पाऊल टेकत, एक ओढत.

"त्याला सांग," मक्चिक म्हणाल्या, "घर वाट बघतंय लाह."

साहेब, निरोप पोचवते आहे. परमेश्वर आपला पाय लवकर सांधो, आपणास शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य देवो. पण उशीर करू नका. आपली पावलं तिथे आपल्याआधी पोचली आहेत.